ऐकायची खोली

दुपारचे तीन वाजून गेलेत. भूपाल मगदूम खुर्चीत बसलेत आणि त्यांचे डोळे मिटत चाललेत. समोर माणसाच्या छातीइतके उंच दोन स्पीकर आहेत. मधल्या लाकडी मांडणीवर ॲम्प्लिफायर आहे, त्याचा हिरवा ठिपका पेटलेला. रेकॉर्ड लावलेली नाही. गेल्या आठ महिन्यांत एकदाही लावलेली नाही. जेवण झालं की भूपालआण्णा रोज या खोलीत येतात, दार ओढून घेतात, सिस्टिम चालू करतात आणि काहीच न लावता बसून राहतात.

इचलकरंजीतल्या त्यांच्या गल्लीत कापडाचे यंत्रमाग दिवसभर चालतात. दारात उभं राहून कुणाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. या खोलीत मात्र बाहेरचं काही म्हणजे काही येत नाही. स्वतःच्या नाडीचा ठोका ऐकू येतो, तेवढाच. आज तोही मऊ होत चाललाय. दोन ठोक्यांमधली जागा लांबते आहे. हिरवा ठिपका पसरट होतो, पाण्यात पडल्यासारखा हलतो.

आणि डाव्या स्पीकरच्या पायाशी त्रिशला बसली आहे.

मांडी घालून ती सुपात शेंगा फोडते आहे. अंगावर रोजचीच साडी, पदर कमरेला खोचलेला. आपली बायको गेली आहे हे आण्णांना पक्कं ठाऊक आहे, तरी त्यांना नवल वाटत नाही. हिला इथं बसायला कुणी सांगितलं, एवढंच त्यांच्या मनात येतं. स्पीकरपुढं काही ठेवायचं नसतं.

"टरफलं पडतील," ते म्हणतात.

"पडू देत की. मी उचलते."

तिचे ओठ डावीकडे हलतात आणि आवाज उजव्या स्पीकरमधून येतो. आण्णांचा हात नकळत पुढं जातो. दोन्ही बाजू सारख्या करायला हव्यात. मग त्यांच्या ध्यानात येतं की आठ महिन्यांनी बायको बोलली आणि आपण बटण शोधतोय. त्यांना लाज वाटते, पण हात मागं येत नाही.

"ती शीळ अजून येते बघा," त्रिशला म्हणते. "बारीक. डासासारखी."

ही शीळ त्यांच्यातला जुना वाद होता. हे स्पीकर घरात आले त्याच आठवड्यात ती म्हणाली होती की डाव्यातून काहीतरी शीळ घातल्यासारखं येतंय. आण्णांनी कान लावून पाहिलं. काही नव्हतं. तुला भास होतो, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. पुढं एकदा रेडिओ-टेप दुरुस्त करणारा इलाही मुजावर आला, त्यानेही कान लावला आणि खाली मान घालून म्हणाला, "वहिनी म्हणतात ते खरं आहे, आण्णा. येतोय आवाज." त्या दिवसापासून त्या शिळेचा विषय घरात निघाला नाही.

आता आण्णा उठून डाव्या स्पीकरला कान लावायला जातात. दोन पावलं टाकतात, तर पायाखाली सुताचा कोंडा लागतो. ते मागाच्या शेडमध्ये आहेत. बाराच्या बारा माग चालू आहेत, धोटे इकडून तिकडे धावताहेत, पट्टे फिरताहेत, कापड गुंडाळलं जातंय. आवाज अजिबात नाही.

हे माग विकून सतरा वर्षं झाली. त्रिशला दुसऱ्या रांगेत उभी आहे, पंचविशीची, हातात जेवणाचा डबा.

"किती बरं वाटतं नाही, असं बोलता येतंय ते," ती म्हणते.

खरंच. या शेडमध्ये ते दोघं जन्मभर ओरडून बोलले होते.

लग्न झालं तेव्हा घराच्या मागच्या अंगाला ही शेड होती आणि घरात सासऱ्यांनी दिलेला एक टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला. बारा मागांच्या खडखडाटाला पुरून उरेल तेच गाणं त्या घरात वाजायचं. ढोलकीचं, बँडचं, नाहीतर पत्रा फाटल्यासारख्या खणखणीत गळ्याच्या बायांचं. हळू गाणारा माणूस गातोय की नुसते ओठ हलवतोय, तेच तिथं कळायचं नाही. मला ढोलकीशिवाय गाणं चालत नाही, असं आण्णा पुष्कळ वर्षं चारचौघांत सांगत. दुसरं काही त्यांना कधी ऐकूच आलेलं नव्हतं, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

त्रिशलाचं एक गाणं होतं. कुठल्याशा न चाललेल्या चित्रपटातलं, झोपाळ्याचं. माहेरी असताना रेडिओवरून तिच्या भावाने टेप केलेलं, त्यामुळे गाण्याच्या मागं सतत भाजी फोडणीला टाकल्यासारखा आवाज. गाणारी बाई इतकी हळू गायची की माग चालू असताना ते लावण्यात अर्थ नव्हता. वीज गेली की माग थांबत, गल्लीतले सगळे मागवाले शिव्या देत बाहेर येत, आणि त्रिशला टू-इन-वनमध्ये सेल घालून ते गाणं लावी. वीज जायची वाट बघणारी त्या गल्लीत ती एकटीच बाई असावी. गाणं चालू असताना ती धुणं धुवायची आणि त्या बाईच्या मागोमाग गायची, तिच्याहूनही हळू.

मग इलाही आला. बसस्टँडमागं त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने आण्णांना पहिला ॲम्प्लिफायर बांधून दिला आणि लाकडाच्या मोठ्या पेट्यांत स्पीकर बसवून दिले. वाजायला लागल्यावर आण्णा म्हणाले, धार नाही याला. इलाहीने ट्रेबल वाढवला. आण्णा म्हणाले, अजून. सात-आठ वर्षांची पद्मजा, त्यांची एकुलती एक मुलगी, कानांवर हात ठेवून अंगणात पळून गेली. इलाही बटणावरून हात काढून म्हणाला, "मशीन बरोबर आहे, आण्णा. मागाने तुमचे कान खाल्लेत." बारीक आवाज त्यांच्या कानातून केव्हाच गेले होते. बांगड्या, चिमण्या, पैंजण. आण्णा हसले आणि त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. पुढं कितीतरी वर्षं त्या घरात गाणं म्हणजे कानात सुई घातल्यासारखं वाजलं, आणि तसंच वाजायला हवं असं आण्णांना वाटत राहिलं.

"डबा घ्या की," त्रिशला म्हणते.

आण्णा हात पुढं करतात. डबा गार आहे, बर्फासारखा. त्यांना तो टाकून द्यावासा वाटतो, पण ती बघते आहे.

"मला एक विचारायचंय तुला," ते म्हणतात.

"जेवा आधी."

ते डब्याचं झाकण उघडतात. आत रेकॉर्डची काळी तबकडी आहे, बरोबर डब्याच्या मापाची. ती फिरते आहे. त्यांना सुई टेकवायचा मोह होतो. डोळे वर करून पाहतात तर शेड रिकामी. माग गेलेत, जमिनीत नुसते बोल्टांचे खड्डे आहेत, आणि कुठूनतरी लांबून तंबोरा वाजतोय.

हे असंच झालं होतं. धंदा बसला तेव्हा बारा माग एका आठवड्यात भंगारात गेले. आठव्या दिवशी सकाळी आण्णा रिकाम्या शेडमध्ये बसले होते आणि घरात रेडिओवर कुणाचं तरी गाणं सुरू व्हायच्या आधीचा तंबोरा लागला. पंचवीस वर्षं जो आवाज कधी त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता, तो भिंतीतून आत आला. आण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते उठून त्रिशलाला सांगायला गेले, ती हसली आणि म्हणाली, मग काय तर, मी कधीची सांगते. ती सकाळ दोघांचीही होती. तशी सकाळ त्यांच्या घरात परत आली नाही.

कारण त्यानंतर आण्णा त्या आवाजाच्या मागं लागले. रेडिओ गेला, रेकॉर्ड प्लेअर आला. ढोलकी गेली, संथ आलाप आले. इलाहीच्या पेट्या माळ्यावर गेल्या आणि पुण्याहून नवे स्पीकर आले. स्पीकर चांगले झाले तशी शेजारच्या मागांची कटकट व्हायला लागली, म्हणून शेडच्या एका कोपऱ्यात ही खोली उभी राहिली. दुहेरी भिंती, मधल्या पोकळीत मागावरचं वाया गेलेलं सूत ठासून भरलेलं. दाराला रबर. खोली झाली तसं आणखी हळू आवाजाचं गाणं ऐकू येऊ लागलं. मग गाणंसुद्धा मागं पडलं. गवय्या श्वास कुठं घेतो, मैफिलीत खुर्ची कुठं करकरते, ते आण्णा ऐकू लागले. एका मोठ्या गवय्याची सगळ्यात रंगलेली मैफल त्यांनी कपाटात मागं टाकून दिली, कारण त्या रात्री माइक भिकार होता. त्याच गवय्याचं कंटाळलेलं गाणं मात्र रोज वाजायचं. त्यात तबल्याच्या शाईवर बोट घासलेलं ऐकू येई.

एकदा त्रिशलाने ती झोपाळ्याच्या गाण्याची कॅसेट आणून दिली. एवढी चांगली सिस्टिम आहे, एकदा लावा की, म्हणाली. आण्णांनी लावली. त्या स्पीकरवर ते गाणं उघडं पडलं. मागची ती फोडणी एवढी मोठी झाली की बाई तिच्यात बुडून गेली. एक कडवंही पुरं न होता आण्णांनी टेप बंद केली आणि सांगितलं, "हे इथं नाही वाजवायचं. यात काही राहिलेलं नाही."

त्रिशलाने कॅसेट घेतली. पुढं ती धुणं धुताना गप्प असायची. हे आण्णांच्या लक्षात यायला ती जावी लागली.

आता तंबोरा थांबतो. आण्णा रिकाम्या शेडमधून चालताहेत आणि जमीन गुळगुळीत होत जाते, भिंतींना हिरवा ऑइलपेंट लागतो. दवाखान्याचा लांबलचक व्हरांडा आहे. बाकावर त्रिशला एकटीच बसली आहे, मांडीवर ओल्या कपड्यांचं पिळलेलं वेटोळं. पाणी ठिबकतंय. समोर एक दार आहे, दाराला रबर आहे.

"डॉक्टर काय म्हणाले?" ती विचारते.

डॉक्टर काय म्हणाले ते आण्णांना शब्दन् शब्द आठवतं. तासभर आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं, असं म्हणाले होते. कुणाकडे बघून म्हणाले नव्हते. हातातल्या कागदाकडे बघून म्हणाले होते.

"काही नाही," आण्णा म्हणतात. "झोप झाली की घरी सोडतील."

ती मान हलवते. तिला खोटं कळलंय आणि ती बोलत नाही. अशीच ती होती.

"ते गाणं म्हणा की एकदा," ती म्हणते. "मला शब्द आठवेनात. कधीची आठवते आहे."

आण्णा तोंड उघडतात. त्यांना ते गाणं आठवायला हवं. वीज गेलेल्या शेकडो दुपारी ते त्यांच्या घरात वाजलं आहे. त्यांना टेपचा खरखराट आठवतो. डावी बाजू जरा दबलेली होती हे आठवतं. पहिल्या कडव्याआधी कुणीतरी खोकलं होतं, तिचा भाऊ असावा, ते आठवतं. चाल आठवत नाही. एक शब्द आठवत नाही. ते बाकाची कड घट्ट धरतात, डोळे मिटतात, आणि कानांत तोच खरखराट येतो.

"राहू दे," त्रिशला म्हणते. तिच्या आवाजात राग नाही. आण्णांना तो असता तर बरं वाटलं असतं.

"त्रिशला, त्या दिवशी..." ते म्हणतात.

ती उठते, ओले कपडे खांद्यावर टाकते आणि ते रबराचं दार ढकलून बाहेर जाते. आण्णा तिच्या मागं जातात. दारापलीकडे घरामागचं अंगण आहे. धुण्याचा दगड, दोरी, कोपऱ्यात कढीपत्त्याचं झाड. ऊन पांढरंफटक आहे. हीच ती दुपार आहे, हे आण्णांना उन्हावरूनच कळतं.

त्या दुपारी आण्णा खोलीत होते. गाणंही ऐकत नव्हते. उजवा स्पीकर ते दोन बोटं पुढं सरकवायचे, खुर्चीत येऊन बसायचे, तोच तीन मिनिटांचा आलाप लावायचे, उठायचे, स्पीकर अर्धं बोट मागं घ्यायचे, परत लावायचे. असं अकरा वेळा. त्यांनी मोजलं होतं, कारण अकराव्या वेळी तो आवाज बरोबर मधोमध, हवेत उभा राहिला. केवढा आनंद झाला होता त्यांना. तो आनंद घेऊनच ते खोलीचं दार उघडून बाहेर आले, तेव्हा पावणेपाच झाले होते आणि त्रिशला धुण्याच्या दगडापाशी कुशीवर पडली होती. अर्धी साडी दोरीवर, अर्धी मातीत.

दवाखान्यात पद्मजा सांगलीहून धावत आली. आण्णा, तुम्ही कुठं होता, तिने विचारलं. इलाहीच्या दुकानात, आण्णा म्हणाले. तोंडातून आपोआप गेलं. नंतर ते फिरवता आलं नाही. हे खोटं इलाहीला त्यांनी सांगितलं, त्यानंतर तो घरी यायचा थांबला. आईच्या वेळी आण्णा घरात नव्हते, हे पद्मजा अजून धरून आहे. तुम्ही घरात असता तर आई वाचली असती, असं एकदा रडता रडता ती म्हणाली होती, त्यांचं सांत्वन करायला.

आणि एक दिवा होता. दार वाजवलं की आलाप मोडतो म्हणून आण्णांनीच युक्ती काढली होती. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर बटण, खोलीत रेकॉर्डच्या कपाटावर छोटा लाल दिवा. काही लागलं तर बटण दाब, मी बघून येईन. तेराव्यानंतर इलाही शेवटचा आला होता तेव्हा त्याने कपाटावरचा दिवा काढून उन्हात धरला. आतली तार तुटलेली, काच आतून काळी. हा केव्हाचा गेलाय, आण्णा, वर्ष-दोन वर्षं तरी झाली असतील. आण्णा गाणं नेहमी डोळे मिटूनच ऐकत. त्यांना पत्ता नव्हता.

तेव्हापासून एकच प्रश्न त्यांच्या उशाशी बसलेला आहे, आणि तो ज्या माणसाला विचारायचा ते माणूस आता त्यांच्याकडे पाठ करून दोरीवर कपडे टाकतंय.

"त्या दिवशी हाक मारलीस का मला?"

त्रिशला चिमटा तोंडात धरून साडीची किनार सरळ करते. चिमटा लावते. मग वळते. आवाज आता तिच्याच तोंडातून येतोय, जवळून, स्वच्छ.

"नाही."

आण्णांच्या छातीतून काहीतरी सुटतं. ते बोलणार, तोवर ती पुढं बोलते, रोजचं काही सांगावं तशी.

"आधी दाबत होते की बटण. चहा झाला, की दाबायचे. एकदा पायात पेटके आले होते तेव्हा दाबलं. पद्मजाचा फोन आला होता तेव्हा दाबलं. दिवा तर तुम्हाला दिसत असणार. तरी येत नाही म्हटल्यावर मी समजले."

"काय समजलीस?"

"की गाणं चालू आहे."

ती बादलीतला पुढचा कपडा उचलते. "त्या दिवशी छातीत आलं तेव्हा बटणाकडं बघितलं मी. सहा पावलांवर होतं. म्हटलं, कशाला. गाणं चालू असेल."

ती पुन्हा पाठ करते आणि कपडा झटकते. आण्णा म्हणतात, दिवा गेला होता. मला दिसलाच नाही, त्रिशला, दिवा गेलेला होता. ती वळत नाही. ते मोठ्याने म्हणतात. आपलाच आवाज त्यांना ऐकू येत नाही. चारी बाजूंनी माग चालू झालेत, गल्लीतले, शेजारचे, विकलेले, भंगारात गेलेले, आणि आता त्यांचा आवाज परत आलाय, सगळ्यांचा एकदम. त्रिशला दहा हातांवर आहे. आण्णा ओरडतात. दिवा गेला होता. तिचं नाव घेऊन ओरडतात. चाळीस वर्षांच्या संसारात एवढ्या मोठ्याने त्यांनी तिला कधी हाक मारलेली नाही. घशाच्या शिरा ताणून, वाकून, हातांचा कर्णा करून ते हाका मारतात आणि ती एकेक कपडा टाकत दोरीच्या दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. साड्यांच्या आड तिचे पाय दिसतात. मग तेही दिसत नाहीत. ते ओरडतच राहतात.

खांद्यावर हात पडतो.

पद्मजा आहे. शनिवारची ती येते, आईविना घर आवरायला. खोलीचं दार तिच्या मागं सताड उघडं आहे आणि त्यातून गल्लीतल्या मागांचा खडखडाट आत येतोय. आण्णा खुर्चीत आहेत, शर्ट घामाने भिजलेला, दोन्ही मुठी मांडीवर वळलेल्या.

"पाच वाजले की, आण्णा. चहा दोनदा गरम केला. किती वेळ झोपलाय?"

आण्णा बोलायला जातात. आवाज येत नाही. ओठ हलतात, हवा जाते, घशात काचेचा चुरा हलल्यासारखं होतं, आणि काही नाही. ते परत प्रयत्न करतात. एक फाटका, ओला खरखराट बाहेर येतो.

"घसा बसला का? सकाळी तर चांगला होता."

ते मान हलवतात. खोकला येतो. तोंडापुढं धरलेल्या रुमालावर लाल ठिपका उमटतो, मोहरीएवढा, त्याला धरून एक बारीक तंतू. पद्मजा रुमाल ओढून घेते, उजेडाकडे नेते, तिचा चेहरा उतरतो. दवाखान्यात जायला हवं, ती म्हणते, घसा आतून फाटलाय, असं काय केलंत. ओरडत होता की काय झोपेत? मी तर घरातच होते, मला एक शब्द ऐकू आला नाही.

आण्णांची नजर उघड्या दाराच्या रबरावर जाते.

मग ते उठतात. रेकॉर्डच्या कपाटात त्यांची एक वही असते, कुठला स्पीकर कुठं ठेवल्यावर कसं वाजलं ते लिहिलेली. ते वहीचं मागचं कोरं पान उघडतात, पेन्सिल घेतात. पद्मजा जवळ येते. त्यांना पाणी हवं असेल, औषधाचं नाव लिहायचं असेल, असं तिला वाटतं.

ते लिहितात: त्या दिवशी मी घरातच होतो. या खोलीत.

वही ते तिच्याकडे फिरवतात. पद्मजा वाचते. दोनच ओळी आहेत, पण तिला वेळ लागतो. तिच्या हातात अजून तो रुमाल आहे. आण्णा तिच्या तोंडाकडे बघतात, ती काहीतरी म्हणेल म्हणून, काहीही. उघड्या दारातून माग ऐकू येतात. पद्मजा रुमाल वहीवर ठेवते, लाल बाजू वर करून, आणि त्यांच्याकडे न बघता अंगणाच्या दिशेने निघून जाते.

आण्णा तिला हाक मारायला तोंड उघडतात.